मुका भोंगा आणि अक्कांची धाबळी

“पण अक्का, सगळ्यांत वरचा मान मी भोंग्यालाच दिलाय. मग तो मध्येच मुका का होतो?”

कैवल्यने पुन्हा तेच विचारलं.

अक्का घेवड्याच्या शिरा काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“ताट कोणाकडे आहे?”

कैवल्यला वाटलं, स्वयंपाकघरातलंच काही विचारतायत. त्याने मागच्या अंगणाकडे हात केला. “पोतदारकाका घासतायत बहुतेक.”

“हं...” अक्का म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

कैवल्य चरफडत ओसरीवर परत गेला.

कृष्णाकाठच्या कुरणवाडीत दत्ताचा हा लहानसा मठ. अक्कांचं उभं आयुष्य कारखान्यातल्या यंत्रांना शहाणपण शिकवण्यात गेलं. कोणत्या यंत्राने केव्हा थांबायचं, केव्हा धावायचं, हे लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्त झाल्या आणि मठात येऊन राहिल्या, तेव्हा कैवल्य लहान होता. नेम एकच. दुपारचा नैवेद्य आपल्या हातचा, आणि वेळेवर.

रविवारी त्यांच्याकडे मंडळी जमत. कोणी नोकरीने प्रोग्रॅमर, कोणी नुसते हौशी. सगळ्यांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली होती. नाव ठेवलं होतं ‘तत्पर’.

नवीन कोणी आलं की विचारायचं, तत्पर म्हणजे काय?

अक्का सांगायच्या, “एका शेगडीवर दूध, दुसरीवर भात, दारात पाहुणा, पाळण्यात मूल. बाई एकच. ती सगळंच करते. पण दूध उतू जायच्या आत तिचा हात तिथे पोचलाच पाहिजे. नंतर कितीही चपळाई दाखवली तरी उपयोग नाही. एवढंच यंत्राला शिकवायचंय.”

कोणत्या कामाला केव्हा हात घालायचा हे ठरवणारा भाग म्हणजे शेड्युलर. तो कैवल्यने लिहिला होता. पुण्यात मोठ्या कंपनीत तो हेच काम करायचा. मंडळी त्याला ‘आपलं शेड्युलर’ म्हणत. तो ‘माझं’ म्हणे.

आणि आता ते पहिल्यांदाच खऱ्या कामाला लागणार होतं.

मठाच्या घाटावर एक पेटी बसवली होती. वरच्या वळणावर नदीत एक तरंगा सोडला होता. पाणी चढू लागलं की तरंगा वर उचलला जायचा, पेटीला कळायचं, आणि भोंगा वाजायचा. कारण चैत्रात कालव्यासाठी धरणातून आवर्तन सुटतं. इकडे ऊन रखरखतं, आभाळात ढग नाही, आणि आटलेल्या पात्रात अचानक पाणी येतं. गेल्या वर्षी बायका मधल्या खडकावर धुणं धूत होत्या. कळलं तेव्हा चारी बाजूंनी पाणी होतं. होडीवाल्याने कसंबसं काढलं.

त्या बायकांत कैवल्यची आई होती.

या वर्षीचं आवर्तन उद्या सकाळी सुटणार होतं.

“उद्या तू काठावरच धू हं,” कैवल्यने सकाळीच आईला बजावलं होतं.

“का बरं? काठावर चिखल. खडकावर कसं स्वच्छ असतं.”

“अगं, पाणी सुटणारेय!”

“मग भोंगा वाजेल की. तू बसवलायस ना? आता माझ्याच लेकाच्या भोंग्यावर माझा विश्वास नाही म्हटल्यावर गावाने कशाला ठेवावा? मी जाणार. सगळ्यांना घेऊन जाणार.”

आई ऐकणारी नव्हती. कैवल्यने तिला हे सांगितलं नव्हतं, की भोंगा कधी वाजतो... आणि कधी नाही.

ओसरीवर मृण्मयी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मिरजेच्या कॉलेजात शिकवायची. गावातल्या सगळ्या फोनवर निरोप धाडायचं काम पेटीत तिने लिहिलं होतं.

“काय म्हणाल्या अक्का?”

“ताट कोणाकडे आहे म्हणाल्या.”

मृण्मयी हसली. “भूक लागली असेल त्यांना. तुझं ऐकून ऐकून मलाही लागलीय.”

“चेष्टा पुरे. पुन्हा चाचणी घे.”

चाचणीसाठी ओसरीवर ठेवलेला दुसरा तरंगा हाताने उचलला. भोंगा वाजला. पुन्हा उचलला. वाजला. पुन्हा... पुन्हा... मग एकदा नुसतीच शांतता. मृण्मयीचे निरोप एकामागून एक जात राहिले. ते संपल्यावर कुठे भोंग्याला कंठ फुटला. तोवर खडक बुडाला असता.

“बघ!” कैवल्य ओरडला. “पाटी बघ पाटी!”

घाटाच्या पायरीवर एक दिव्यांची पाटी होती. पाणी किती आहे, तो आकडा त्यावर दिसायचा. आता तो अर्धाच बदलून थांबला होता. वरचा अर्धा नवा, खालचा अर्धा जुना.

“भोंगा मुका होतो तेव्हा दर वेळी ही अशीच अडकलेली असते. काकांचाच कोड मंद आहे. मी म्हणतो, पाटीच काढून टाकू.”

पोतदारकाका तेवढ्यात अंगणातून हात पुसत आले. पोस्टात आयुष्य गेलेलं, प्रोग्रॅम लिहायला उतारवयात शिकले. पाटीचं काम त्यांनी लिहिलं होतं. सगळ्यांत खालच्या मानाचं काम ते.

“काय म्हणालास?” त्यांनी कानामागे हात धरला.

“पाटी काढू या, काका!”

काकांनी पाटीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “काढा बाबा. पण मला भोंगा ऐकू येत नाही रे. घाटावर माझ्यासारखी आणखी असतील... म्हणून केली होती.”

कैवल्यने नजर चुकवली. “उद्या माझी आई खडकावर असेल, काका.”

“मग काढच,” काका म्हणाले.

दारात अक्का उभ्या होत्या. केव्हा आल्या होत्या, कोणाला कळलं नाही.

“कैवल्य, आज ताट तू घास.”

“मी? अक्का, इथे जीव टांगणीला लागलाय...”

“म्हणूनच म्हणते.”

मठात नैवेद्याचं चांदीचं ताट एकच. सकाळी त्यात दूधसाखर दाखवायची, मग घासायचं, मग दुपारी त्यातच पान वाढायचं. दुसऱ्या ताटात चालत नाही. पोतदारकाकांनी नुसतं विसळून ठेवलं होतं. कैवल्य विहिरीपाशी बसला. विभूतीची चिमूट घेतली आणि घासू लागला. मनात मात्र भोंगाच.

अर्धं ताट उजळलं असेल नसेल, तोच ओसरीवरून हाक आली.

“कैवल्य! अरे ये इकडे! सांगलीची मंडळी आलीयत, तुझं शेड्युलर बघायला!”

मृण्मयीच ती. कैवल्यने ताटाकडे पाहिलं. मग ओसरीकडे.

ताट काखेत मारून तो गेला.

सांगलीची मंडळीही हौशी, आपापल्या परीने जाणकार. एकाने विचारलं, “तुमची कामं एकमेकांना थोपवतात कशी?” बस्स... कैवल्यला जिव्हाळ्याचा विषय मिळाला.

“अगदी सोपं आहे. प्रत्येक कामाला मान ठरवून दिलाय. वरच्या मानाचं काम आलं की खालच्याने आहे तिथे थांबायचं. मग तो काहीही करत असो. मध्ये बोलायचं नाही.”

“काहीही करत असो?”

“काहीही!”

“वा!”

कैवल्य रंगला. हातवारे करायचे म्हणून ताट या काखेतून त्या काखेत गेलं. मृण्मयी नवे नवे प्रश्न काढत होती, पाहुणे माना डोलावत होते. ऊन ओसरीच्या काठाशी आलं.

आत वरणाला तूप पडल्याचा वास सुटला होता. आंब्याची डाळ वाटून तयार होती. घेवड्याची भाजी उतरली होती. गाभाऱ्यात पुजारी आसनावर येऊन बसले होते. सभामंडपात माणसं घंटेची वाट बघत होती.

घंटा होत नव्हती.

बोलता बोलता कैवल्यच थांबला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“आज अजून घंटा कशी नाही झाली? अक्कांकडे कधी उशीर होत नाही...”

मृण्मयीचं लक्ष त्याच्या काखेकडे गेलं. तिचे डोळे मोठे झाले.

आतून अक्का आल्या. सोवळ्याची लोकरीची धाबळी त्यांनी खांद्यांवरून पांघरली होती. स्वयंपाकघरातून त्या सहसा अशा बाहेर येत नसत. आल्या की सगळ्यांना कळायचं.

या मठाची एक रीत आहे. पान तयार असेल आणि ताट नसेल, तर अक्का ताटवाल्यावर रागवत नाहीत, हाकही मारत नाहीत. आपल्या अंगावरची धाबळी काढून त्याच्या खांद्यावर टाकतात. नव्या सुना विचारतात, सोवळ्याचं काय? अक्का म्हणतात, लोकरीला विटाळ नसतो. ज्याच्या खांद्यावर धाबळी, त्याला कोणी काम सांगायचं नाही. त्याला कोणी हाक मारायची नाही. गावच्या सरपंचबाई समोर आल्या तरी त्या बाजूला होतात. स्वयंपाकघरात खुद्द अक्कांना असतो, तेवढा मान त्याला.

कैवल्यने हे लहानपणापासून पाहिलेलं. त्याला तो सोवळ्याओवळ्याचाच एक प्रकार वाटायचा.

अक्कांनी धाबळी त्याच्या खांद्यावर टाकली.

मृण्मयीने ओठ मिटून घेतले. सांगलीची मंडळी आपसूक उठून मागे सरली. पोतदारकाका वाटेतली पादत्राणं पायाने बाजूला करत पुढे चालले. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई पोहरा खाली ठेवून उभी राहिली, आणि भरलेली बादली तिने कैवल्यपुढे सरकवली.

त्याला कोणी काही विचारलं नाही. सांगितलं नाही. त्याच्यापुढे फक्त ताट होतं.

घासणं केवढंसं! हात फिरला, पाणी पडलं, ताट लखलखलं. अक्का शेजारी उभ्याच होत्या. त्यांनी उजव्या हाताने ताट घेतलं...

आणि डाव्या हाताने त्याच्या खांद्यावरची धाबळी ओढून घेतली.

त्याच क्षणी. ताट सुटलं आणि धाबळीही गेली.

कैवल्य पुन्हा नुसता कैवल्य होऊन विहिरीपाशी उभा राहिला. हात विभूतीने पांढरे.

“ए, झालं असेल तर ही कळशी उचल की,” पाणी शेंदणारी बाई म्हणाली. “वाटेत उभा राहिलायस.”

घंटा वाजली.

कैवल्य हलला नाही. कळशीही उचलली नाही. तो ओल्या हाताकडे बघत होता.

“ताट कोणाकडे आहे...” तो पुटपुटला. मग ओरडला, “काका! पोतदारकाका!”

“आरती तरी होऊ दे,” मृण्मयी दटावून म्हणाली.

आरती झाली. प्रसाद हातात घेऊनच तो ओसरीवर धावला.

“काका, चूक तुमची नाही. मृण्मयी, तुझीही नाही. पेटीत तार एकच आहे. तरंग्याची खबर त्याच तारेने येते, पाटीचा आकडा त्याच तारेने जातो. एका वेळी एकानेच धरायची. हो ना?”

“हो.”

“काकांनी तार धरली. आकडा लिहायला घेतला. तेवढ्यात तुझे निरोप आले. तू काकांपेक्षा वरच्या मानाची. माझ्या शेड्युलरने काकांना आहे तिथे थांबवलं... हातात तार असताना!”

मृण्मयीने कपाळावर हात मारला. “आणि मी आपली बडबडतेय.”

“तुला तार नकोच आहे. तू निवांत. पण भोंगा तारेसाठी उभा. सगळ्यांत मोठा तो, आणि उभा कोणासाठी? सगळ्यांत धाकट्यासाठी. आणि त्या धाकट्याला आपण मध्येच अडवून ठेवलेलं.”

“म्हणजे मघाशी...” मृण्मयी हसू दाबत म्हणाली, “देव भोंगा होता. काका तू होतास. आणि मी...”

“तू तूच होतीस. बडबडणारी.”

“असू दे, असू दे. पुढे बोल.”

“पुढे काय! ज्याच्या हातात तार, त्याच्या खांद्यावर भोंग्याची धाबळी. तोवर त्याला कोणी थांबवायचं नाही. तूसुद्धा नाहीस.”

पोतदारकाकांना निम्मंच ऐकू आलं होतं. “कोणाला धाबळी?”

“तुम्हाला, काका! तार सोडेपर्यंत पेटीतला सगळ्यांत मोठा मान तुमचा!”

“आणि सोडल्यावर?”

“लगेच काढून घ्यायची.”

“हां, मग बरं,” काका म्हणाले. “कायमची कुठे पेलतेय मला. उकडतं तिच्यात.”

कैवल्य खूप दिवसांनी मनापासून हसला. मग लिहायला बसला. शेड्युलरमध्ये भर घातली ती थोडीच. पाटी काढली नाही. संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत तरंगा उचलत राहिले, भोंगा वाजत राहिला. गावातली कुत्री वैतागली. एकदाही तो मुका झाला नाही.

तरी अक्कांनी होडीवाल्याला निरोप धाडला होता. “सकाळी घाटाखाली थांब. काम पडणार नाही, पण थांब.”

सोमवारी सकाळी बायका खडकावर गेल्या. कैवल्यची आई सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर चादरींचं गाठोडं.

कैवल्य घाटाच्या वरच्या पायरीवर उभा. शेजारी पोतदारकाका, डोळे पाटीवर. मागे मृण्मयी. त्यांच्याही मागे, मठाच्या दारात, अक्का.

खडकावर धुणं आपटल्याचा आवाज येत होता. पाणी पोटरीएवढं, शांत.

अचानक काका म्हणाले, “आकडा थबकला!”

पाटीवर अर्धा आकडा नवा, अर्धा जुना. मृण्मयीच्या हातातला फोन वाजला. निरोप सुटू लागले होते. अगदी तोच घोटाळा, तीच वेळ...

आणि निरोप थांबले. मध्येच. शब्द अर्धवट सोडून.

पाटीवरचा आकडा पुरा झाला.

भोंगा वाजला!

असा वाजला की औदुंबरावरची पाखरं उठून पार पलीकडच्या काठाला गेली. मृण्मयीने कान झाकले. पोतदारकाकांनी हवेत हात उंचावले, कारण पाटी त्यांना दिसत होती, आणि काय झालं ते त्यांना सगळ्यांत आधी कळलं होतं.

बायकांनी धुणं गोळा केलं. कोणी धावलं नाही, कोणी ओरडलं नाही. वेळ होता. पदर खोचून, एकमेकींचे हात धरून त्या गप्पा मारत काठावर आल्या. कैवल्यची आई शेवटी. ती खडकावर उभी राहून चादर पिळत होती.

“आई! ये ना!”

“येते रे! ओली चादर किती जड असते, तुला काय ठाऊक!”

ती पायरीवर चढली, पदराने तोंड पुसलं, आणि मागे वळून बघितलं. वळणावरून पाणी आलं. तांबूस, फेसाळ, रुंद. खडक दिसेनासा झाला.

होडीवाल्याने होडी सोडलीही नव्हती. तो तिच्यात बसून चहा पीत होता.

आईने कैवल्यच्या गालावर ओला हात ठेवला. मग बायकांकडे वळून मोठ्याने म्हणाली, “सांगितलं नव्हतं मी?”

सगळा घाट हसला. कोणीतरी दत्ताचा जयघोष केला आणि तो काठाकाठाने पुढे गेला. सरपंचबाई लगबगीने आल्या. सोबत शाल आणली होती, म्हणजे त्यांचाही विश्वास होताच. ती त्यांनी कैवल्यच्या खांद्यावर घातली. पोरीबाळी बोट दाखवू लागल्या, हा तो, हा तो. सांगलीची मंडळी पुन्हा आली होती. त्यांनी त्याचे हात हातात घेतले. तो त्यांना सांगू लागला. तरंग्याचं सांगितलं, तारेचं सांगितलं, शेड्युलरचं तर रंगवून सांगितलं. शाल घसरली की सावरत होता.

ऊन चढलं तेव्हा तो तसाच मठात आला. शाल अंगावरच. चेहरा फुललेला.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात निखाऱ्यावरची राख झाडत होत्या.

कैवल्यने वाकून नमस्कार केला. “अक्का, वाजला.”

“ऐकला.”

“आई वर आली. सगळ्या आल्या.”

“बघितल्या.”

तो थांबला. त्यांनी आणखी काही म्हणावं असं त्याला वाटत होतं.

अक्कांनी त्याच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं...

मग हात पुसला आणि पुढे केला.

“ताट पोचलं ना, बाळ? मग धाबळी आण इकडे.”